ड्रमच्या दुकानातून आलेला गिटारचा आवाज

गिटार वाजवणारी दोन माणसे एकत्र बसवा, पंधरा मिनिटांत गोष्ट अ‍ॅम्पवर येते. त्यातही अ‍ॅम्प व्हॉल्व्हचा असेल तर मग विचारूच नका. टोन कसा, गेन किती, किती वॅटचा, हे तीन प्रश्न ठरलेले. चौथा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. मागे ड्रमवाला बसलेला असताना हा अ‍ॅम्प कसा वाजतो?

हा प्रश्न मी उगाच उकरून काढलेला नाही. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचा सगळा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरला आहे. तो नीट पाहिला, तर जुना अ‍ॅम्प घेताना काय ऐकायचे हेही आपोआप समजते. म्हणून हा लेख अर्धा इतिहासाचा आणि अर्धा पारखण्याचा.

आधी व्हॉल्व्ह म्हणजे काय ते पाहू. अमेरिकन लोक त्याला ट्यूब म्हणतात, इंग्रज व्हॉल्व्ह. आपल्याकडे इंग्रजांचा शब्द रुळला. ज्यांच्या घरी जुना रेडिओ होता त्यांना आठवत असेल, बटण फिरवल्यावर लगेच आवाज येत नसे. आधी मागच्या फटींतून तांबूस उजेड दिसायचा आणि मग हळूहळू निवेदकाचा आवाज वर यायचा. तो तांबूस उजेड म्हणजे व्हॉल्व्ह तापत असल्याची खूण. १९०४ साली इंग्लंडमध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंगने पहिला व्हॉल्व्ह बनवला. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्टने त्यात एक बारीक तारेची जाळी घातली आणि तिथून खरी कथा सुरू झाली.

या जाळीचे काम समजायला आपल्या गोव्यात फार लांब जावे लागत नाही. खाजन शेतीतली मानस बघा. मानशीची फळी हलवायला लागणारी ताकद ती किती, पण त्या फळीमुळे केवढे पाणी आत-बाहेर होते! व्हॉल्व्हमधली जाळी ही अशीच फळी आहे. गिटारच्या पिकअपमधून येणारा अगदी दुबळा विद्युतप्रवाह ही फळी हलवतो आणि तिच्या मागून वाहणारा मोठा प्रवाह त्या तालावर कमी-जास्त होतो. व्हॉल्व्ह या शब्दाचा अर्थच मुळी झडप असा आहे.

नुसते ऐकू यावे म्हणून

गिटारला वीज जोडण्यामागे रुबाब नव्हता, अगतिकता होती. १९२० आणि ३० च्या दशकांतल्या नाचाच्या बँडमध्ये ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोनच्या रांगा असत. त्यांच्या गदारोळात लाकडी गिटार ऐकू येणार कशी? गिटारवाला मागे बसून ताल धरायचा, बस्स. मुंबई-कलकत्त्याच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये आपल्या गोव्याचे किती वादक होते हे सर्वांना ठाऊक आहे. इगर्जीच्या शाळेत मेस्तकडून स्वरलिपी शिकून ही मुले थेट ताजमहाल हॉटेलच्या व्यासपीठापर्यंत गेली. पण त्यांच्यातली नावाजलेली माणसे बहुतेक ट्रंपेट, सॅक्सोफोन नाही तर व्हायोलिनवाली. गिटारवाल्यांची नावे फारशी पुढे आली नाहीत, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

१९३२ साली अमेरिकेत रिकनबॅकरची विजेवर चालणारी हवाईयन गिटार बाजारात आली आणि तिच्याबरोबर वाजवायला अ‍ॅम्पही मिळू लागला. १९३६ मध्ये गिब्सन कंपनीने ईएस-१५० ही गिटार काढली. १९३९ साली चार्ली ख्रिश्चन नावाचा तरुण तीच गिटार घेऊन बेनी गुडमनच्या बँडमध्ये बसला आणि सॅक्सोफोनच्या तोडीने एकेक सुराची गत वाजवू लागला. गिटार मागच्या रांगेतून पुढे आली ती अशी. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की पहिल्या दिवसापासून अ‍ॅम्पचे काम एकच होते, इतर वाद्यांमध्ये गिटारला जागा मिळवून देणे. एकट्याने खोलीत बसून ऐकायची ही वस्तूच नव्हे.

दोषाचा गुण कसा झाला

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात लिओ फेंडरने १९३८ च्या सुमारास रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. १९४६ पासून तो स्वतःच्या नावाने गिटार आणि अ‍ॅम्प बनवू लागला. गंमत अशी की फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. तो वादकांना विचारायचा, त्यांच्या तक्रारी ऐकायचा आणि यंत्र सुधारायचा. त्याच्या गिऱ्हाइकांना मोठा पण स्वच्छ आवाज हवा होता. १९५२ मध्ये त्याने बास गिटारसाठी बासमन नावाचा अ‍ॅम्प काढला. पुढे त्यात दहा-दहा इंची चार स्पीकर आले. १९५८ ते १९६० या काळात बनलेला त्याचा ५एफ६-ए हा नमुना साधारण ४५ वॅटचा. बाससाठी बनवलेला हा अ‍ॅम्प साध्या गिटारवाल्यांनीच पळवला.

आता अ‍ॅम्प मर्यादेपलीकडे वाढवला की काय होते? व्हॉल्व्ह जेवढी लाट देऊ शकतो तेवढीच देतो. त्याहून उंच लाटेची टोके कापली जातात. टोके कापली की मूळ सुरात नसलेले वरचे स्वर त्यात मिसळतात आणि आवाज खरखरीत, भरलेला होतो. हेच डिस्टॉर्शन. अभियंत्याच्या दृष्टीने हा शुद्ध दोष.

पण आपल्याला हा दोष परका नाही. तानपुऱ्याची जवारी काय असते? घोडीचा माथा अशा बेताने घासलेला असतो की कंप पावणारी तार त्याला हलकेच चाटत राहते. त्या घासण्यातून वरचे स्वर जागे होतात आणि चार तारांतून सगळी खोली भरून जाते. जवारी नसलेला तानपुरा म्हणजे नुसती टणटण. मिरजेचे कारागीर जवारी काढताना तार छेडतात, ऐकतात, पुन्हा घासतात, कारण जवारी जास्त उघडी झाली तर सूर सोडून नुसता झणझणाट उरतो. गेनचे अगदी असेच आहे. किती हवा, याचे उत्तर मापात नसते, कानात असते.

अमेरिकन वादकांना हा गुण अपघातानेच सापडला. १९५१ साली मेंफिसमध्ये 'रॉकेट ८८' हे गाणे ध्वनिमुद्रित झाले. वाटेत गिटारवाल्याचा अ‍ॅम्प बिघडला होता, स्पीकरमध्ये कागद कोंबून काम भागवले, असे सांगतात. तो गुरगुरणारा आवाजच लोकांना आवडला. १९५८ मध्ये लिंक रे याने 'रंबल'साठी स्पीकरच्या कागदाला मुद्दाम भोके पाडली. १९६४ मध्ये लंडनच्या किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसने एका लहानशा अ‍ॅम्पचा स्पीकर ब्लेडने चिरला. त्याच चिरलेल्या स्पीकरवर 'यू रिअली गॉट मी' वाजले आणि जगभर गाजले. म्हणजे तेरा वर्षांत अपघाताचे तंत्र झाले.

तबकडी-झांजांच्या दुकानात

इंग्लंडमधली गोष्ट मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. तिथे १९५० च्या दशकाच्या शेवटी टॉम जेनिंग्सच्या कारखान्यात डिक डेनीने व्हॉक्स अ‍ॅम्प तयार केला. आधी १५ वॅटचा एसी १५. पण शॅडोज बँडच्या सभागृहात पोरीबाळींचा आरडाओरडा एवढा, की १५ वॅट पुरेनात. मग १९५९ मध्ये एसी ३० आला. चार ईएल ८४ व्हॉल्व्ह, लखलखीत वरचा आवाज. बीटल्सनी १९६२ मध्ये हेच अ‍ॅम्प घेतले.

याच सुमारास पश्चिम लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाच्या गृहस्थाचे दुकान होते. १९६० साली उघडलेले. हा माणूस गिटारवाला नव्हता, तो ड्रम वाजवायचा आणि शिकवायचा, आणि दुकानही ड्रमचेच. शिकायला येणारे ड्रमवाले आपल्याबरोबर बँडमधल्या गिटारवाल्यांना घेऊन येऊ लागले. तेही मार्शलकडे गिटार आणि अ‍ॅम्प मागू लागले. अमेरिकेतून येणारे फेंडर महाग पडायचे, आणि या पोरांना हवा असलेला आवाज कुठल्याच अ‍ॅम्पमध्ये नव्हता. तेव्हा मार्शलच्या दुकानात दुरुस्ती करणारा केन ब्रॅन आणि अठरा वर्षांचा डडली क्रेव्हन यांनी फेंडरचा बासमन समोर ठेवून १९६२ मध्ये स्वतःचा अ‍ॅम्प बनवला. त्याचे नाव जेटीएम ४५.

नकाशा जवळजवळ तोच, पण दोन बदल महत्त्वाचे. बासमनच्या पहिल्या जागी १२एवाय७ हा व्हॉल्व्ह असे, त्याची वर्धनशक्ती साधारण ४४. मार्शलमध्ये तिथे ईसीसी ८३ आला, त्याची शक्ती १००. म्हणजे पहिल्याच पायरीवर गेन दुपटीहून जास्त, आणि अ‍ॅम्प लवकर फुटू लागला. दुसरा बदल पेटीचा. बासमनचे चार दहा इंची स्पीकर मागून उघड्या पेटीत होते. मार्शलने सेलेस्शनचे चार बारा इंची स्पीकर मागून पूर्ण बंद पेटीत बसवले. त्यामुळे खालचा आवाज आवळलेला, धक्का देणारा झाला.

मला वाटते, हे ड्रमच्या दुकानात घडले हा निव्वळ योगायोग नाही. ड्रमला आवाजाचे बटण नसते. स्नेअरवर काठी पडली की जेवढा आवाज व्हायचा तेवढा होतोच. बँडमध्ये बाकी सगळी वाद्ये त्या आवाजाला धरून आपली पातळी ठरवतात. ज्याने आयुष्यभर ड्रमच्या मागे बसून गिटार ऐकली, त्याला गिटारमध्ये काय कमी पडते ते दुकानात एकट्याने तार छेडणाऱ्यापेक्षा नक्कीच जास्त कळत असणार. पुढे जिमी हेंड्रिक्सची मार्शलशी ओळख करून दिली तीही एका ड्रमवाल्यानेच. हेंड्रिक्सच्या बँडमधला मिच मिचेल लहानपणी मार्शलच्या दुकानात काम करायचा.

शंभर वॅटची शर्यत

१९६५ मध्ये द हू बँडच्या पीट टाउनशेंड आणि जॉन एंटविसल यांनी मार्शलकडे आणखी मोठा अ‍ॅम्प मागितला. मग १०० वॅटचा अ‍ॅम्प आला. त्याच्यासाठी एकाच पेटीत आठ स्पीकर मागितले गेले, पण ती पेटी उचलणाऱ्यांचे हाल होऊ लागले. तेव्हा तिचे दोन भाग करून एकावर एक रचले. रॉकच्या व्यासपीठावर मागे दिसणारी ती काळी भिंत अशी उभी राहिली. सामान उचलणाऱ्यांच्या पाठदुखीतून!

त्याच वर्षी १५ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सपुढे ५५ हजारांवर श्रोते होते. व्हॉक्सने त्यांना १०० वॅटचे अ‍ॅम्प दिले होते. गाण्याचा आवाज स्टेडियमच्या स्वतःच्या भोंग्यांतून जात होता. उपयोग शून्य. ओरडण्यापुढे बँडला स्वतःचेच वाजवणे ऐकू येईना.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. त्या काळी गिटारच्या अ‍ॅम्पपुढे माइक लावून तो आवाज मोठ्या स्पीकरांतून श्रोत्यांवर सोडायची सोय जवळजवळ नव्हतीच. माइक असायचा तो गायकापुढे. गिटार शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची असेल तर ते काम अ‍ॅम्पलाच करावे लागे. शंभर वॅट ही त्या अडचणीवरची तोड होती. पुढे सभागृहाची ध्वनियंत्रणा सुधारली, अडचण गेली, पण शंभर वॅटचा दरारा राहिला.

आणि या शर्यतीची किंमतही मोजावी लागली. पीट टाउनशेंडला बहिरेपणा आणि कानांत सतत घंटा वाजण्याचा त्रास जडला, हे त्याने स्वतःच अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे.

१९६६ : स्टुडिओतला हट्ट

१९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या बँडबरोबर एरिक क्लॅप्टन लंडनच्या डेक्का स्टुडिओत गेला. हातात गिब्सनची लेस पॉल, पुढे मार्शलचा दोन स्पीकरांचा अ‍ॅम्प. तेव्हाची पद्धत अशी की स्टुडिओत सगळ्यांनी हळू वाजवायचे. क्लॅप्टनने हट्ट धरला, व्यासपीठावर वाजवतो तेवढ्याच मोठ्याने वाजवणार. तंत्रज्ञ हैराण झाले, पण शेवटी त्याचेच चालले.

त्या तबकडीतला आवाज आजही गिटारवाले नमुना म्हणून दाखवतात. पण त्यात डिस्टॉर्शन किती आहे हे नीट ऐकून पाहा. आजच्या मानाने फारच थोडे. सूर जाड आहे, लांबतो आहे, पण तारेवर बोटाचा प्रत्येक आघात वेगळा ऐकू येतो. याचे कारण हा गेन पहिल्या पायरीवर जबरदस्तीने भरलेला नव्हता. शेवटचे मोठे व्हॉल्व्ह, ट्रान्स्फॉर्मर आणि स्पीकर सगळेच ताणले गेले होते, आणि तो ताण ड्रम-बासच्या पातळीला येऊन मिळाला होता. त्या अ‍ॅम्पमध्ये गेन आणि आवाज या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच.

त्या वेगळ्या झाल्या कॅलिफोर्नियात. रँडल स्मिथ नावाच्या दुरुस्ती करणाऱ्याने १९६० च्या दशकाच्या अखेरीस एका मित्राची थट्टा म्हणून फेंडरच्या १२ वॅटच्या लहानशा प्रिन्स्टन अ‍ॅम्पमध्ये मोठे ट्रान्स्फॉर्मर आणि बारा इंची स्पीकर कोंबला. कार्लोस सँटानाने तो वाजवून पाहिला आणि खूश झाला. त्याच्या उद्गारातूनच बूगी हे नाव मिळाले. नंतर स्मिथने सुरुवातीला व्हॉल्व्हची आणखी एक पायरी घातली आणि शेवटी आवाजाचे वेगळे बटण दिले. आता सुरुवातीला हवा तेवढा सूर फोडा आणि शेवटी आवाज हवा तेवढा कमी ठेवा. मार्शलनेही १९७५ मध्ये असेच मास्टर व्हॉल्यूमचे १०० वॅटचे अ‍ॅम्प काढले.

ही सोय फार मोठी. पण आजचा सगळा घोळही तिथूनच सुरू झाला, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण आता गेनची पारख एकट्याने, खोलीत, हळू आवाजात करता येऊ लागली.

खोलीतला टोन आणि बँडमधला टोन

माझ्या पुतण्याचा बँड आहे. चौघे पोरगे, रविवारी एकाच्या घरच्या रिकाम्या गॅरेजमध्ये सराव करतात. त्याने गेल्या वर्षी कोणाकडून तरी जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प घेतला, सात-आठ महिन्यांची बचत घालून. घरी वाजवून दाखवला तेव्हा आवाज खरोखरच राजेशाही होता. खाली घुमणारा बास, वर चकाकी, मधे रेशमासारखी खरखर. पण सरावाला गेल्यावर गिटार गायबच! हात हलताना दिसतोय, ऐकू येतोय तो नुसता मधमाश्यांचा घोंघाट. पोरगा रडवेला झाला. म्हणाला, "काका, अ‍ॅम्प बिघडलेला दिला वाटते मला."

अ‍ॅम्प ठणठणीत होता. मी सरकारी कचेरीत फाइली पुढे सरकवणारा माणूस, पण कॉलेजच्या दिवसांत तारा तोडल्या आहेत. गेन आठवर होता तो चारवर आणला, बास निम्मा केला, मधला स्वर दोनवरून सातवर नेला. आवाजाला हातही लावला नाही. पुढच्या गाण्यात गिटार स्वच्छ ऐकू आली. सराव संपल्यावर त्याच जागी बटणे ठेवून तो एकटा वाजवायला लागला आणि तोंड वाकडे करून म्हणाला, "काका, एकट्याने हे किती कोरडे लागते!" मी म्हटले, "अरे, लागणारच. बाकीचा ओलावा बास आणि झांजांतून येतो."

याला शास्त्र आहे. १९३३ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिले, की हळू आवाजात आपल्या कानाला खालचे आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात. आवाज वाढला की हा फरक कमी होतो. म्हणून रात्री हळू वाजवताना आपण बास आणि ट्रेबल वाढवून ठेवतो. तीच बटणे बँडच्या पातळीवर नेली की बास घुमतो आणि वरचा आवाज कानाला टोचतो. शिवाय गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झची. त्याखाली बास गिटार आणि ड्रमचे राज्य, वर झांजांचे. गिटारची खरी जमीन मधली. तीच सोडून दिली तर उभे राहायचे कुठे?

आणि गेन वाढवला की सूर दबतो. लाटेची टोके कापली गेल्यामुळे हळू आणि जोरात वाजवलेले एकाच उंचीचे होतात. एकट्याने ऐकताना हे गुळगुळीत आणि श्रीमंत वाटते. बँडमध्ये आघातच ऐकू येत नाही आणि आघात नाही म्हणजे ताल नाही.

मग पारखायचे कसे

सांगतो. पहिली गोष्ट, वॅटच्या आकड्याला घाबरू नका आणि भुलूही नका. ५० चे १०० वॅट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट आवाज वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. उलट एका वॅटला ९७ डेसिबल देणाऱ्या स्पीकरऐवजी १०० डेसिबल देणारा स्पीकर लावला, तर फुकटात वॅट दुप्पट केल्यासारखेच होते. म्हणून अ‍ॅम्पबरोबर स्पीकर पाहा.

दुसरी, तुम्हाला काय वाजवायचे आहे ते ठरवा. तियात्रात किंवा लग्नाच्या हॉलमध्ये स्वच्छ आवाजाची साथ करायची असेल, तर ड्रमच्या वर जाऊनही न फुटणारा अ‍ॅम्प हवा. तिथे ३०-४० वॅट कामाला येतात. फुटलेला आवाजच हवा असेल तर १५-२० वॅट बहुतेक जागी पुरतात, कारण आता अ‍ॅम्पपुढे माइक लागतो आणि श्रोत्यांपर्यंत नेण्याचे काम साऊंडवाला करतो.

तिसरी, गेन शून्याकडून वर चढवत न्या आणि सूर जिथे जाड होतो तिथे थांबा. मग गिटारवरचे आवाजाचे बटण निम्मे करा. चांगला अ‍ॅम्प लगेच स्वच्छ होतो. नखाने हळू छेडा, मग जोरात. फरक ऐकू आला पाहिजे. एक मोठा, चार-पाच तारांचा स्वरसमूह वाजवा. त्यातला एकेक स्वर ओळखू येत नसेल, तर गेन जास्त आहे.

चौथी, आणि सर्वांत मोठी. शक्य असेल तर ड्रमवाल्याला बरोबर न्या. नाहीच जमले तर निदान अर्धा तास तरी खऱ्या पातळीला वाजवून पाहा. व्हॉल्व्ह पूर्ण तापल्यावर गुणगुण, खरखर, सुटलेल्या जागा सगळे उघडे पडते. दोन सूचना जिवाच्या आणि पैशाच्या: स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प चालू करू नका, आउटपुट ट्रान्स्फॉर्मर जळू शकतो. आणि आतले उघडून बघायची हौस नको. आत चारशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो काही वेळ कपॅसिटरमध्ये टिकून राहतो. ते काम जाणकाराचे.

आता शेवटी कानांविषयी, कारण तेच एकदा गेले तर टोन काय आणि गेन काय. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेचा हिशेब असा: ८५ डेसिबलमध्ये माणसाने दिवसाला आठ तास राहावे आणि पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी करावी. म्हणजे १०० डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटे. बंद गॅरेजमधला बँड ही पातळी सहज गाठतो. ५० आणि १०० वॅटमधला जो ३ डेसिबलचा फरक गिटारवाल्याला जेमतेम जाणवतो, तोच फरक कानाची सुरक्षित वेळ अर्ध्यावर आणतो. रात्री दहानंतर उघड्यावर आवाज बंद, हा नियम आपल्याकडे फेस्तालाही आहे आणि जत्रेलाही. त्यावरून गावोगाव वाद होतात. शेजाऱ्याच्या झोपेसाठी नियम आहे, पण वाजवणाऱ्याच्या कानासाठी तसा कोणी पहारेकरी नाही. तो पहारा त्याचा त्यानेच करायचा.

मार्शल ड्रम वाजवायचा, फेंडर रेडिओ दुरुस्त करायचा. गिटारचा आवाज ज्यांनी घडवला त्यांतले कितीतरी जण गिटारवाले नव्हतेच. ते बाजूला उभे राहून सगळा बँड ऐकत होते. अ‍ॅम्प पारखायचा तर तेवढेच करायचे. आपली गिटार बाजूला ठेवून क्षणभर दुसऱ्या कोणाला ती वाजवायला द्यायची, दाराशी जाऊन उभे राहायचे आणि बँड ऐकायचा. गिटार त्यात बसली असेल तर अ‍ॅम्प चांगला.